आयत्या जात्यावर नागोबा

पावसाळा सुरू झाला की आमच्या तालुक्याच्या गावात औषधाच्या दुकानासमोर गर्दी होते आणि त्या गर्दीत एक वाक्य हमखास कानावर येतं. ‘‘दादा, मागच्या वेळी दिली होती ना अँटिबायोटिकची पट्टी, तीच द्या. घरात सगळेच तापलेत.’’ दादा देतात. आई ती पट्टी पर्समध्ये टाकते आणि घरी जाऊन दोन मुलांत नि सासूबाईंत वाटून टाकते.

मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. त्यामुळे भिशीत असो की हळदीकुंकवात, तापाची चौकशी माझ्याकडे येतेच. तक्रारीचा सूर साधारण असा असतो, ‘‘मॅडम, डॉक्टर म्हणाले व्हायरल आहे. अँटिबायोटिक दिलंच नाही. नुसती पॅरासिटामॉल आणि भरपूर पाणी प्या! मग फी कशाची घेतली?’’

‘व्हायरलवर अँटिबायोटिक चालत नाही’ हे वाक्य एव्हाना आपण सगळ्यांनीच ऐकलंय. पण का चालत नाही, हे कुणी नीट सांगत नाही. आणि कारण न सांगता दिलेला सल्ला आपण बायका फारसा मनावर घेत नाही. हे ‘का’ दडलंय आपल्या पेशीतल्या एका इवल्याशा यंत्रात. त्याचं नाव रायबोसोम. आज त्याचीच गोष्ट सांगते.

पेशीतलं जातं

आपली प्रत्येक पेशी म्हणजे एक भरलेलं घर आहे असं समजा. घराच्या माजघरात, कुलुपाच्या कपाटात आजीची पाककृतींची मूळ वही आहे. ही वही म्हणजे डीएनए. ती कपाटाबाहेर काढायची नाही असा दंडक. हवी ती कृती एका चिठ्ठीवर उतरवून घ्यायची आणि ती चिठ्ठी स्वयंपाकघरात पाठवायची. या चिठ्ठीला शास्त्रज्ञ संदेशवाहक आरएनए किंवा एम-आरएनए म्हणतात.

स्वयंपाकघरात रायबोसोम असतात. एकदोन नव्हे, एकेका पेशीत लाखो. रचना थेट आपल्या जात्यासारखी. एक लहान भाग, एक मोठा भाग, एकावर एक बसणारे. चिठ्ठी या दोन भागांच्या मधून सरकते. फरक एवढाच की आपलं जातं दाण्याचं पीठ करतं आणि हे जातं सुटे मणी ओवून माळ करतं. (आपल्या जात्यावर ओवी असायची, इथे ओवणं आहे!) हे मणी म्हणजे अमिनो आम्लं. त्यांचे वीस प्रकार. आपण वरण, उसळ, दूध, अंडं खातो, त्यातली प्रथिनं पोटात सुटी होतात आणि हे मणी मिळतात. चिठ्ठीवरची तीन अक्षरं वाचायची आणि एक मणी ओवायचा, पुढची तीन वाचायची, पुढचा मणी. माणसाच्या पेशीतलं जातं सेकंदाला साधारण पाच मणी ओवतं. माळ पूर्ण झाली, तिची घडी बसली, की झालं प्रथिन तयार. रक्तातलं हिमोग्लोबिन, केसातलं केराटिन, जेवण पचवणारे रस, सगळं याच जात्यावरून येतं.

आता विषाणूकडे बघू या. विषाणू म्हणजे काय, तर प्रथिनाच्या वेष्टनात गुंडाळलेली एक चिठ्ठी. बस्स. त्याच्याकडे स्वयंपाकघर नाही, मणी नाहीत, जातं तर नाहीच नाही. वेष्टन बनवायलासुद्धा प्रथिन लागतं आणि ते स्वतः बनवायची त्याची ताकद नाही. म्हणून तो आपल्या पेशीत शिरतो आणि स्वतःची चिठ्ठी आपल्या जात्यात सारतो. जातं बिचारं प्रामाणिक. समोर येईल ती चिठ्ठी वाचणार आणि माळ ओवणार. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात, तो असा.

‘श्री’ची चोरी

पण पेशीही काही अगदीच भोळी नाही. जुन्या माणसांना वर ‘श्री’ लिहिल्याशिवाय किराण्याची यादीसुद्धा लिहिवत नसे, आठवतंय? आपल्या पेशीतल्या चिठ्ठ्यांचंही तसंच असतं. प्रत्येक चिठ्ठीच्या माथ्यावर एक रासायनिक टोपी असते. तिला आपण ‘श्री’ म्हणू. स्वयंपाकघरात प्रथिनांचीच बनलेली एक कारभारीण असते. ती एका हाताने चिठ्ठीचा ‘श्री’ धरते, दुसऱ्या हाताने जात्याला धरते आणि दोघांची गाठ घालून देते. ‘श्री’ नसेल तर चिठ्ठी बाहेरची, तिला उभं करायचं नाही, असा साधारण नियम.

हा पहारा चुकवायच्या विषाणूंच्या तऱ्हा वाचताना मी तर चाटच पडले.

पहिली तऱ्हा फ्लूची. २००९ साली पुण्यापासून सगळ्या महाराष्ट्राने धसका घेतला तो स्वाइन फ्लू याच घराण्यातला. हा सरळ उचलेगिरी करतो. आपल्या पेशीच्या चिठ्ठीचा वरचा ‘श्री’वाला तुकडा कापतो आणि त्याला स्वतःची चिठ्ठी जोडतो. कारभारणीला वाटतं घरचीच चिठ्ठी आहे.

दुसरी तऱ्हा करोनाची. याची चिठ्ठी जवळजवळ तीस हजार अक्षरांची, आणि खोटा ‘श्री’ काढायची हत्यारं तो स्वतःच बनवून घेतो. तेवढ्यावर भागत नाही. आत आल्याआल्या तो आपल्याच जात्यावर एक छोटं प्रथिन ओवून घेतो आणि ते प्रथिन जात्याच्या तोंडात बोळ्यासारखं जाऊन बसतं. जिथून चिठ्ठी आत सरकते, नेमक्या त्याच जागी. २०२० साली शास्त्रज्ञांनी अतिसूक्ष्म छायाचित्रं घेऊन हा बोळा प्रत्यक्ष दाखवला. त्यामुळे होतं काय, की पेशीच्या स्वतःच्या चिठ्ठ्या अडतात. त्यात ‘चोर आला, धावा’ असं शेजाऱ्यांना कळवणाऱ्या चिठ्ठ्याही अडतात. करोनाच्या स्वतःच्या चिठ्ठीच्या माथ्याशी मात्र एक खास वळण असतं, त्यामुळे ती अडत नाही. कुलूपही त्याचं, किल्लीही त्याचीच.

दोन थेंबांचं रहस्य

तिसरी तऱ्हा पोलिओची, आणि ती आपल्या सगळ्यांच्या जवळची आहे. कारण कडेवर बाळ घेऊन पोलिओच्या बूथवर आपण सगळ्याच गेलोय, करंगळीला शाईची खूण करून घेऊन आलोय.

पोलिओचा विषाणू ‘श्री’च्या भानगडीतच पडत नाही. त्याच्याकडे कात्रीसारखं काम करणारं एक प्रथिन असतं. ते सरळ कारभारणीलाच मधोमध कापतं! चिठ्ठी धरणारा हात एकीकडे, जातं धरणारा हात दुसरीकडे. झालं, घरच्या चिठ्ठ्या हातात ‘श्री’ धरून नुसत्या ताटकळत उभ्या. पोलिओच्या चिठ्ठीला मात्र ‘श्री’ लागतच नाही. तिच्या सुरुवातीच्या भागाला अशा काही घड्या असतात, की कारभारणीच्या उरलेल्या अर्ध्या भागाच्या आधाराने ती मागच्या दाराने थेट जात्यावर चढते. हे मागचं दार १९८८ साली शास्त्रज्ञांच्या लक्षात आलं. मग सगळी जाती फक्त पोलिओसाठी चालतात. एकच लांबलचक माळ ओवली जाते आणि नंतर तिचे तुकडे होतात. आपण शंकरपाळ्यांसाठी एक मोठी पोळी लाटतो आणि कातण्याने कापतो, अगदी तसं. काही तासांत हजारो विषाणू तयार होतात आणि पेशी फुटते. ही पेशी मज्जारज्जूतली, पायाच्या स्नायूंना हुकूम देणारी असली, की तो पाय कायमचा लुळा पडतो.

आता गंमत बघा. अल्बर्ट सेबिन यांनी तोंडावाटे द्यायची पोलिओची लस बनवली, ती जिवंत पण दुबळ्या केलेल्या विषाणूची. तो दुबळा का झाला, हे पुढे त्याची चिठ्ठी अक्षर-अक्षर वाचता आली तेव्हा उलगडलं. लसीतल्या विषाणूंमध्ये त्या मागच्या दाराच्या घडीतलंच एक अक्षर बदललेलं होतं. बदल आणखीही होते, पण हा फार महत्त्वाचा. त्यामुळे त्याची जात्यावरची पकड ढिली पडली. आतड्यात तो थोडाफार वाढतो आणि शरीराला ओळख करून देतो. मज्जातंतूंच्या पेशीत मात्र त्याचं जातं नीट फिरतच नाही.

म्हणजे आपण बाळाच्या तोंडात जे दोन थेंब पाडत होतो, त्याची निम्मी करामत एका अक्षरात होती. त्या थेंबांच्या जोरावर आपल्या देशातला नैसर्गिक पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११मध्ये पश्चिम बंगालात सापडला आणि मार्च २०१४मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. क्वचित कुठे लसीतला विषाणू पसरता पसरता आपलं अक्षर पुन्हा सुधारून घेतो. म्हणून आता थेंबांच्या जोडीला मेलेल्या विषाणूचं इंजेक्शनही देतात. नातवंडांच्या वेळी ‘आमच्या वेळी नव्हतं हे’ म्हणून ते टाळू नका.

घर उपास धरतं

एवढं सगळं चालू असताना पेशी गप्प बसते का? मुळीच नाही. विषाणू वाढताना आरएनएच्या जुळ्या पट्ट्या तयार होतात. आपल्या पेशीत तशा लांबच लांब पट्ट्या सहसा नसतात. त्या दिसल्या की पेशीतला एक पहारेकरी जागा होतो आणि सगळी जाती थांबवतो. घरच्यांनाही जेवण नाही, पण चोराला घास मिळता कामा नये! संसर्ग झालेली पेशी अक्षरशः उपास धरते. वेळ आली तर शेजारच्या पेशी वाचाव्यात म्हणून स्वतः मरते.

मरण्याआधी ती शेजाऱ्यांना निरोप धाडते. या निरोपाचं नाव इंटरफेरॉन. लंडनमध्ये १९५७ साली आयझॅक्स आणि लिंडेनमन या दोघांनी ते शोधलं. निरोप मिळालेल्या पेशी चोर यायच्या आधीच दारं-खिडक्या लावून घेतात. ताप, अंग मोडून येणं, जेवणावरची वासना जाणं, गळून गेल्यासारखं वाटणं, यातलं बरंचसं या इंटरफेरॉनमुळे आणि त्याच्यासारख्या इतर निरोप्यांमुळे होतं. विषाणू अंगात आल्यावर दिसते ती आपल्याच फौजेची धावपळ असते. बहुतेक साध्या व्हायरल तापात ही फौज काही दिवसांत काम उरकते.

मग अँटिबायोटिक कुठे चालतं?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. जिवाणू म्हणजे बॅक्टेरिया. विषाणू आणि जिवाणू ही दोन वेगळी जमात. जिवाणू आकाराने लहान, पण स्वतंत्र संसार असलेला. त्याची स्वतःची वही, स्वतःचे मणी आणि स्वतःचं जातं असतं. हे जातं आपल्या जात्यापेक्षा थोडं वेगळ्या घडणीचं. या थोड्याशा फरकावरच कितीतरी अँटिबायोटिकांची सगळी मदार आहे.

आपल्याकडे सर्रास मागितलं जाणारं अ‍ॅझिथ्रोमायसिन काय करतं? जिवाणूच्या जात्यातून माळ जिथून बाहेर पडते, ती वाट अडवतं. डॉक्सिसायक्लिन आणि जेंटामायसिन जात्याच्या लहान भागाला चिकटून काम बिघडवतात. अ‍ॅमॉक्सिसिलिनची गोष्ट वेगळी, ते जिवाणूच्या भिंतीवर घाव घालतं.

हे जातं दिसतं कसं, हे शोधणाऱ्या अ‍ॅडा योनाथ यांच्याबद्दल सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. १९३९ साली जेरुसलेममध्ये गरीब घरात जन्म. त्या अकरा वर्षांच्या असताना वडील गेले, शिकताशिकता घराला हातभार लावला. रायबोसोमचे स्फटिक करायचे, म्हणजे त्याचं अंतरंग दिसेल, असं त्यांनी ठरवलं तेव्हा लोकांनी वेड्यात काढलं. सायकलच्या अपघातात डोक्याला मार लागून घरी पडल्या असताना त्यांनी अस्वलांच्या हिवाळी झोपेबद्दल वाचलं. झोपलेल्या अस्वलाच्या पेशीत रायबोसोम शिस्तीत ओळीने मांडून ठेवलेले असतात, हे वाचून त्यांना धीर आला. वीस वर्षं त्या मागे लागल्या. २००९चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना, टॉमस स्टाइट्झ यांना आणि तमिळनाडूत जन्मलेल्या, बडोद्यात शिकलेल्या वेंकटरामन रामकृष्णन यांना मिळालं. अँटिबायोटिक जात्यात नेमकं कुठे जाऊन बसतं, हे या मंडळींच्या कामातून दिसलं.

आता तुम्हीच सांगा. विषाणूला भिंत नाही, जातं नाही. तो वापरतो ते जातं तुमचं-माझं. मग जात्यावरची ती गोळी अडवणार कुणाला? आणि आपलीच जाती बंद पाडणारं औषध घेतलं, तर विषाणूआधी आपणच आडवे होऊ.

‘‘घेतलं तर बिघडलं कुठे? लागू पडलं तर पडलं,’’ असं एक उत्तर मिळतं. बिघडतं. गोळी पोटात गेली की काम केल्याशिवाय राहत नाही. विषाणू सापडत नाही, पण आतड्यातले असंख्य जिवाणू सापडतात. त्यातले दुबळे मरतात, चिवट उरतात. काही जिवाणू तर जात्याची घडणच अशी बदलून घेतात, की औषध चिकटतच नाही. आणि ही युक्ती ते आपल्या जातभाईंना वाटतातही.

आमच्या शेजारच्या काकूंकडे उरलेल्या गोळ्यांचा एक स्टीलचा डबा होता. शिंक आली की डबा उघडायचा. दोन वर्षांपूर्वी त्यांना लघवीचा संसर्ग झाला, थंडी वाजून ताप भरला. कल्चरचा रिपोर्ट घेऊन काकू माझ्याकडे आल्या. औषधांची लांबलचक यादी आणि एकापुढे एक ‘आर’, ‘आर’, ‘आर’. ‘‘अगं, आर म्हणजे काय गं?’’ आर म्हणजे रेझिस्टंट, हे औषध या जिवाणूवर चालत नाही. फक्त तीन नावांपुढे ‘एस’ होतं, म्हणजे चालेल, आणि ती तिन्ही इंजेक्शनं निघाली. साध्या गोळीचं दुखणं आठवडाभराच्या अ‍ॅडमिशनवर गेलं. काकू बऱ्या झाल्या. डबा आता कोथिंबिरीच्या बियांना आहे.

मग विषाणूवर औषधच नाही का? आहे, पण ते जात्यावरचं नाही. विषाणूची स्वतःची अवजारं हेरून ती मोडायची. एचआयव्हीची काही औषधं आणि करोनावरचं निर्माट्रेल्विर विषाणूचं ‘कातणं’ बोथट करतात, म्हणजे लांब माळ कापलीच जात नाही. ‘श्री’ कापणारी फ्लूची कात्री अडवणारं बॅलॉक्सॅविर २०१८ साली जपान आणि अमेरिकेत मंजूर झालं. पण ही औषधं ठरावीक विषाणूंपुरती. साध्या सर्दीला ती नाहीत.

आपणच पाठवलेली चिठ्ठी

विषाणूची ही युक्ती माणसानेही उचलली. एम-आरएनए लस म्हणजे दुसरं काय? चांगला ‘श्री’ घातलेली, आपणच लिहून पाठवलेली चिठ्ठी. तिच्यावर करोनाच्या फक्त बाहेरच्या काट्याची कृती. ती १२७३ मण्यांची माळ जातं चार-पाच मिनिटांत ओवतं, शरीर तो काटा बघून ठेवतं, आणि चिठ्ठी लवकरच विरून जाते. कपाटातल्या वहीला तिचा हातही लागत नाही. यामागे कॅटलिन कारिको ही हंगेरीतल्या छोट्या गावातली खाटकाची मुलगी आहे. नळाचं पाणी नसलेल्या घरात ती वाढली. १९८५ साली मुलीच्या खेळण्यातल्या अस्वलात पैसे शिवून अमेरिकेला गेली. तिथे पदावरून खाली आणलं तरी तिने काम सोडलं नाही. २०२३चं वैद्यकाचं नोबेल तिला आणि ड्रू वाइसमन यांना मिळालं. पुण्याच्या जिनोव्हा कंपनीच्या अशाच लशीला २०२२मध्ये आपल्याकडे तातडीच्या वापराची परवानगी मिळाली.

आपल्या हातात काय?

घरातला ताप पहिल्यांदा आपल्याच हाताला लागतो. म्हणून एवढं लक्षात ठेवू या.

डॉक्टरांना ‘अँटिबायोटिक द्याच’ म्हणण्याऐवजी विचारा, ‘‘हे विषाणूचं आहे की जिवाणूचं? कधी पुन्हा दाखवू?’’ फी या उत्तराची असते.

पण सगळाच ताप व्हायरल समजून अंगावरही काढू नका. टायफॉइड, न्यूमोनियाचे काही प्रकार, कोकणात भातलावणीच्या दिवसांत होणारा लेप्टो, ही जिवाणूंची कामं. तिथे वेळेवर मिळालेलं अँटिबायोटिक जीव वाचवतं. डॉक्टरांनी दिलं तर सांगितलं तेवढे दिवस घ्या. उरलंच तर डब्यात साठवू नका, दुसऱ्याला देऊ नका.

तापाला पॅरासिटामॉल, तीही वयाच्या आणि वजनाच्या मानाने. डेंग्यूच्या दिवसांत अ‍ॅस्पिरिन, ब्रुफेनसारख्या गोळ्या मनाने घेऊ नका, रक्तस्रावाचा धोका असतो. तीन दिवसांत ताप हटला नाही, धाप लागली, पोटात जोरात दुखलं, लघवी कमी झाली, कुठून रक्त आलं किंवा मूल मलूल होऊन पडलं, तर थांबू नका, लगेच दाखवा.

आणि शेवटचं, तुमच्यासाठी. घरात सगळ्यांना ताप आला की त्यांना झोपवून आपण उशाशी बसतो. आपल्याला आला की मात्र गोळी गिळून ओट्यापाशी. अहो, संकटात पेशीसुद्धा जातं थांबवते! तुमचंही दोन-तीन दिवस थांबू द्या. मुगाची खिचडी घरातलं कुणीही लावू शकतं. कुकरच्या शिट्ट्या किती, तेवढं सांगून ठेवा आणि पांघरूण घेऊन झोपा.